केम ते किनारा, गर्दी वगळून

गर्दी नसलेल्या समुद्रकिनाऱ्यावर गाडी घेऊन जाण्याच्या बेताला किमान तीन गोष्टी लागतात: समुद्र, गाडी आणि गर्दीचा अभाव. केमपासून यांतली गाडी तेवढी जवळ असते.

करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवाचे गाव. देवळांबाहेर ढीग रचून विकले जाणारे कुंकू मोठ्या प्रमाणात इथल्या कारखान्यांतून बाहेर पडते. गावाला रंगाचा तोटा नाही, पाण्याचा मात्र पिढीजात आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. केमवर पाच वर्षांत जेवढे आभाळ गळते तेवढे तिकडे एका पावसाळ्यात गळून मोकळे होते. अशा कोरड्या मुलखातल्या माणसाला पाण्याची ओढ असणारच. पण ती भागवायला १९८० पासून उजनी आहे. जेऊरच्या पलीकडे गेले की भीमेचे अडवलेले पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेले असते, हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी एका पायावर उभे असतात आणि चिलापी ताटात येते. म्हणून समुद्राच्या बेताची पहिली वाच्यता होताच घरातले आबा जो प्रश्न विचारतात, तो गैर म्हणता येत नाही.

"पाणीच बघायचंय तर उजनी काय वाईट हाय? एवढं डिझेल जाळून खारट पाणी बघायचं व्हय?"

या प्रश्नाला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. बेत पुढे सरकतो तो उत्तराविनाच.

समुद्राशी केमची ओळख रेल्वेने करून दिली. जीआयपी रेल्वेचा दिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा तुकडा १८५९ साली सुरू झाला आणि केम त्याच तुकड्यावर आहे. रूळ मुंबईला जाऊन संपतात. त्यामुळे गावातल्या जुन्या माणसांपैकी ज्यांनी समुद्र पाहिला त्यांनी बहुधा तो गिरगाव चौपाटीवर पाहिला, कामाला, दवाखान्याला नाहीतर एखाद्या पाव्हण्याकडे गेल्यावर, संध्याकाळी, भेळेचा कागद हातात धरून. त्या समुद्राच्या पुढे पाणी होते आणि मागे हजारो माणसे. समुद्र आणि गर्दी यांची गाठ मनात तेव्हापासून इतकी पक्की बसली आहे, की ओसाड किनाऱ्याचा फोटो मोबाइलवर दाखवला तर कौतुकाऐवजी शंका निघते. "हितं कुणीच कसं न्हाई? कायतरी भानगड असंल."

गर्दी टाळण्याचे शास्त्र तसे सोपे आहे. लोक जात नाहीत तेव्हा जावे. जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार ते गुरुवार हा कोकणच्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोकळा काळ. हवा गोड, समुद्र शांत, खोल्या रिकाम्या. केमच्या पंचांगात मात्र हे तीन दिवस कुठेच बसत नाहीत. पावसाळ्यात समुद्राकडे पाठ फिरवावी लागते, कारण तो खवळलेला असतो आणि १ जूनपासून मासेमारीही बंद असते. नवरात्राच्या आधी कुंकवाची मागणी चढते. पाठोपाठ उसाचा हंगाम. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत अख्ख्या महाराष्ट्रात हळदीकुंकू चालते, तेव्हा कुंकवाच्या गावाने सुट्टीवर जाणे म्हणजे लग्नात वाजंत्र्यानेच रुसून बसणे. मग ज्वारीची काढणी, मग चैत्रातल्या जत्रा, मग लग्नसराई. एवढे सगळे वजा केल्यावर उरते दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा. नेमक्या याच दोन वेळा उरलेल्या महाराष्ट्रालाही मोकळ्या सापडलेल्या असतात.

तरीही दिवाळी ठरते. पाडवा-भाऊबीज घरी आणि त्यानंतर आठवडाभराने पहाटे निघायचे. इथपर्यंत बेत चार जणांचा असतो: नवरा, बायको, दोन मुले.

बेताचा विस्तार कसा होतो, हा या विषयाचा गाभा आहे. चौघे निघणार हे आईला कळते. कोकणात पावस आहे, तिथे स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे आणि आईचे तिथले दर्शन वर्षानुवर्षे राहिले आहे. आईला न्यायचे तर तिला सोबत हवी, म्हणून मावशी. मावशी आली म्हटल्यावर आबांना घरी एकटे कोण ठेवणार? भाऊबीजेला आलेली बहीण विचारत काहीच नाही, फक्त पिशवी भरताना बघत राहते. तिला आणि दोन भाच्यांना घ्यावेच लागते. बहीण आली की दाजी येतात. दाजींना टाळण्याची सोय मराठी कुटुंबव्यवस्थेत नाही आणि त्यांनी एकदा केळीच्या गाडीबरोबर चिपळूणपर्यंत मजल मारलेली असल्यामुळे कोकणचे जाणकार म्हणून त्यांची जागा ड्रायव्हरशेजारी आपोआप पक्की होते. मुलांचा एक मित्र शेवटच्या दिवशी डबा घेऊनच हजर होतो. घरच्या गाडीचा विषय तिथेच संपतो. सात आसनांची एर्टिगा विचारून बघितली जाते, पण बेरीज आता बाराच्या घरात असते. शेवटी क्रूझर ठरते आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर, म्हणजे तेरावा. क्रूझरमध्ये किती माणसे बसतात हे तिच्या कागदांवर लिहिलेले असते. सोलापूर जिल्ह्यातला अनुभव कागदांपेक्षा उदार आहे.

तेरा माणसे ज्या किनाऱ्यावर उतरतील तो त्या क्षणापासून ओसाड राहणार नाही, हे कुणाच्याही लक्षात यावे. कुणाच्याच येत नाही. मराठीत याची सोय शब्दांतच करून ठेवली आहे. अनोळखी तेरा जण असले तर ती गर्दी. घरचे तेरा जण म्हणजे मंडळी.

यानंतर रस्त्याचा वाद. तो घरात सुटत नाही, म्हणून उत्तरेश्वराच्या देवळाजवळच्या पारावर जातो. देशावरून कोकणात उतरायला घाट लागतो आणि प्रत्येक घाटाचा एकेक पंथ असतो. एक पंथ टेंभुर्णी, अकलूज, नातेपुते, फलटण, सातारा, उंब्रज, पाटण असे करत कुंभार्ली घाटाने चिपळुणात उतरतो. दुसरा पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर धरून आंबा घाटाने रत्नागिरीकडे जातो. पुण्यात नातलग असलेला एक जण ताम्हिणीचे नाव काढतो, पण त्याला कुणी मोजत नाही. दोन्ही वाटांनी अंतर चारशे किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे पडते, तेव्हा अंतरावरून निकाल लागत नाही. निकाल लावते आई. "पंढरपुरावरनं जाऊ. देवाचं आधी." जाताना आंबा आणि येताना कुंभार्ली, अशी तडजोड होऊन दाजींच्या चिपळूणचाही मान राहतो.

या तडजोडीचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. पंढरपुरात गाडी थांबणे भाग असते. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी तोंडावर आलेली असल्यामुळे दर्शनाची बारी कुठून कुठवर गेली आहे ते विचारायचेच नाही. निदान नामदेव पायरी आणि कळस. दुपारी कोल्हापूर. अंबाबाईच्या दारावरून तसेच पुढे जाणारी गाडी अजून कुणी पाहिलेली नाही. म्हणजे गर्दी टाळायला निघालेली मंडळी पहिल्याच दिवशी महाराष्ट्रातल्या दोन सर्वांत गजबजलेल्या देवळांपाशी उभी असते. तिथे मावशी कुंकवाची पुडी घेते. दुकानदाराला गाव सांगू नये, हे तिला आधी बजावून ठेवलेले बरे.

आंबा घाट उतरताना कान बंद होतात, मागच्या बाकावरच्या भाच्यांना मळमळते, लिंबू निघते. देशावरच्या माणसाला कोकणात सगळ्यांत आधी बसतो तो धक्का अंतराचा. सोलापूरकडे शंभर किलोमीटर म्हणजे दीड-पावणेदोन तास, हा हिशेब त्याच्या रक्तात असतो. किनाऱ्याच्या रस्त्यावर तेवढ्याच अंतराला तीन तास सहज लागतात. याचे कारण नकाशात आहे. सह्याद्री इथे समुद्राच्या इतका जवळ आहे की पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड असतात आणि समुद्राला मिळताना त्या थोड्याथोड्या अंतरावर खाड्या करून ठेवतात. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर अशी पाठ केलेली असते. पण ती जमीन-पाण्याची शिवण आहे, रस्ता नव्हे. रस्ता खाडीच्या तोंडाशी अडतो, आत वळतो, पूल शोधतो आणि पुन्हा बाहेर येतो. पलीकडच्या गावातला वाळत घातलेला सदरा या काठावरून दिसतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा दिवस जाऊ शकतो.

रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या रस्त्याला सागरी महामार्ग म्हणतात. त्या नावाने भलत्या अपेक्षा निर्माण होतात. डावीकडे डोंगर, उजवीकडे निळे पाणी, मधे सरळ रस्ता, असे चित्र मनात धरून क्रूझरमधली उजवी खिडकी पहाटे चारलाच अडवलेली असते. प्रत्यक्षात त्या खिडकीतून दिसते ती आंब्याची बाग, मग जांभ्या दगडाचा गडगा, मग माळासारखा सडा, मग पुन्हा आंब्याची बाग. समुद्र अधूनमधून एखाद्या वळणावर चेहरा दाखवून आत जातो. रत्नागिरीच्या उत्तरेला आरे-वारे इथे रस्ता खरोखर पाण्याच्या कडेने चढतो आणि म्हणूनच तिथे गाड्यांची रांग असते. ज्या ठिकाणी रस्त्यावरून समुद्र दिसतो तिथे गर्दी असते आणि जिथे गर्दी नसते तिथे समुद्र शोधावा लागतो, हा नियम किनाऱ्यावर सहसा चुकत नाही.

शोधायचा कसा, तर वाट विचारून. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग आडवा जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू असल्यामुळे तो ओलांडताना मोठ्या माणसाला द्यावा तसा मान द्यावा. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडला की दक्षिणेकडे पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे, वेत्ये, पुढे आंबोळगड अशी गावे लागतात. ज्या किनाऱ्याला मोठे देऊळ चिकटलेले नाही, पाण्यातले खेळ नाहीत आणि जिथे उंट चालत नाही, तो मोकळा सापडण्याची शक्यता अधिक. गणपतीपुळे, काशीद, तारकर्ली या नावांपुढे म्हणूनच काट मारायची. पण काट मारलेलीही कधीकाळी मोकळीच होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एके काळी वाट चुकलेलाच माणूस पोचला असता. ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांना तिथे संरक्षण मिळाले, पिल्ले समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि आता त्या हंगामात माणसांना राहायला जागा आधी ठरवावी लागते. कासवे अजूनही न सांगता येतात.

राहायची जागा घरगुती बघावी, असे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" अशी पाटी असते, अंगणात सुपारी वाळत असते आणि फोनवर काकू पहिला प्रश्न विचारतात, "किती माणसं?" फोन केला तेव्हा माणसे चार होती. त्यानंतरचा फोन करायचा प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलेला असतो. अंगणात क्रूझर थांबून एकेक माणूस उतरू लागतो तेव्हा काकू मनात मोजत असतात, ते ओठांच्या हालचालीवरून कळते. नऊपर्यंत चेहरा स्थिर राहतो.

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक. केमला मासा नवा नाही, पण उजनीचा मासा लाल तिखट रश्श्यात बुडून येतो आणि कोकणातला नारळाच्या वाटणातून. तिरफळाचा वास पहिल्या घासाला ओळख दाखवत नाही. त्यातून निम्मी मंडळी माळकरी. त्यांना सुरमई आणि बांगडा ही फक्त नावे. भात दोन्ही वेळा, भाकरी तांदळाची. ती मऊ, पांढरी, चवीला उत्तम असते, पण ज्वारीच्या कडक भाकरीवर वाढलेल्या दाताला करायला काही उरत नाही. तेव्हा मावशीने आठवणीने बांधून आणलेले गाठोडे उघडते: कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. दुसऱ्या दिवशीची न्याहारी मंडळी समुद्राकडे तोंड करून, पण करमाळा तालुक्यातली करते. काकूंना चटणीची चव दिली जाते, त्या पाणी मागतात आणि दोन्ही मुलखांत दिलजमाई होते.

आता समुद्र. गावखडीला सुरूचे बन ओलांडले की किनारा एकदम उघडतो: लांबच लांब वाळू, दोन होड्या, एक कुत्रे. हाच तो गर्दीचा अभाव. पहिली दहा मिनिटे कुणी बोलत नाही. अकराव्या मिनिटाला दाजी इकडेतिकडे बघतात.

"चहा कुठं मिळतो?"

मिळत नाही. भेळ नाही, कणीस नाही, शहाळे नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, मोबाइलला रेंज नाही आणि रेंज नाही म्हणून फोनवरून पैसे देण्याचाही प्रश्न नाही, कारण घेणाराच नाही. गर्दी सोबत काय काय घेऊन येते याची यादी करायला ओसाड किनाऱ्याइतकी चांगली जागा सापडणार नाही. मुले मात्र तोवर पाण्यात असतात आणि आई पदर खोचून घोट्यापर्यंत. आबा वाळूवर चपला नीट शेजारी-शेजारी ठेवून बसलेले असतात.

याच सुमारास ड्रायव्हरला गाडी वाळूवर न्यावीशी वाटते. ओली वाळू डांबरासारखी कडक दिसते आणि शेतातल्या चिखलातून ट्रॅक्टर काढलेल्या माणसाला तिचे भय वाटत नाही. चाक रुतते, रेस दिली की आणखी रुतते आणि पाणी वर सरकत असते की खाली, हे कुणालाच ठाऊक नसते. किनाऱ्यावर रुतलेल्या गाडीपाशी पाच मिनिटांत दोनशे माणसे जमतात. ओसाड किनाऱ्यावर तीही येत नाहीत. इथे मंडळींची संख्या प्रथमच उपयोगाला येते. बारा जण ढकलतात, गाडी निघते, आणि चौघांचाच बेत असता तर काय झाले असते, हे दाजी पुढचे दोन दिवस सांगतात.

पाण्याचे गणित सोडवतात ते आबा. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ नव्हे, तिथी लागते: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून हा हिशेब जमतो. काकूंच्या यजमानांनी हे सांगितले तेव्हा मुलांनी मोबाइल काढले, पण रेंज नव्हती आणि पाऊणकी या पिढीने ऐकलेलीही नाही. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असलेला त्या अंगणात एकच माणूस होता आणि तिथी विचारायची तर पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्या माणसालाच. "उद्या एकादस. अकराची पाऊणकी सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला पाणी भरणार." यजमानांनी मान हलवली. आबांनी उजनीचे नाव त्यानंतर परतीपर्यंत काढले नाही.

एकादशीला मासा वर्ज्य, त्यामुळे माळ नसलेल्यांचीही पंचाईत होते. आईसमोर कुणी ताट पुढे ओढत नाही. साबुदाण्याची खिचडी आदल्या रात्रीच सांगितलेली असते. तो दिवस प्रवासात घालवणे शहाणपणाचे. पावसचे दर्शन उरकून, रत्नागिरी मागे टाकून, उत्तरेला मालगुंडवरून जयगडपर्यंत जायचे. मालगुंड हे केशवसुतांचे गाव. तिथे थांबायला मंडळी तयार नसतात, कारण पुढे बोट आहे हे मुलांना कळलेले असते.

शास्त्री नदीच्या खाडीवर जयगड ते तवसाळ अशी गाड्या नेणारी बोट चालते. कोकणात तिला जंगल जेट्टी म्हणतात आणि जंगलाशी तिचा काही संबंध नसतो. दाभोळ-धोपावेची २००३ साली सुरू झाली, त्यानंतर वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ अशा खाड्या एकेक करून जोडल्या गेल्या. क्रूझरचा ड्रायव्हर उतारावरून बोटीत गाडी घालताना आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालतो. सगळे खाली उतरतात. ज्या गाडीने आपल्याला चारशे किलोमीटर वाहून आणले ती आता स्वतःच वाहून नेली जात आहे, हे बघायला आबा कठड्याला धरून उभे राहतात. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा किनारा येतो आणि संबंध सहलीत सर्वांना आवडलेली एकमेव गोष्ट संपते.

तवसाळपासून रोहिले, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर हा पट्टा निवांत आहे. हेदवीला बामणघळ नावाची खडकातली चीर आहे. भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळते. ते दुसऱ्या दिवशी बघायचे तर बारसची पाऊणकी नऊ. नऊला पाच कमी असताना आबा घड्याळ बघत घळीपासून लांब, कोरड्या खडकावर उभे असतात आणि पाणी उडाल्यावर वळून इतरांकडे बघतात, जणू ते त्यांनीच सोडले आहे.

गुहागर, चिपळूण, कुंभार्ली, पाटण हा परतीचा रस्ता झोपेत जातो. क्रूझरमध्ये तेव्हा तेरा माणसे, कोकम, आंबापोळी, एक फणसाचे रोपटे, शिंपल्यांच्या दोन पिशव्या आणि ओल्या वाळूचे अंदाजे एक घमेले असते. केमला पोचायला मध्यरात्र होते.

बेताचा शेवटचा भाग अजून उरलेला असतो: जागा कुणाला न सांगणे. हे क्रूझर गावात शिरण्याआधीच ठरलेले असते, शपथाही झालेल्या असतात. सकाळी दाजी दाढी करायला जातात. दुपारपर्यंत गावखडीचा रस्ता, काकूंचा नंबर, बोटीचे भाडे आणि वाळूत गाडी कशी काढायची हे पारावरच्या सगळ्यांना माहीत असते. भरतीचे गणित आबा स्वतः समजावून देतात.

पुढच्या दिवाळीत सुरूच्या बनात एमएच ४५ च्या चार गाड्या उभ्या राहतात. केमची एक मंडळी वाळूवरून येणाऱ्या केमच्याच दुसऱ्या मंडळीला हात करते, चटणीची देवघेव होते आणि दाजी चपला झटकत म्हणतात, "लई गर्दी व्हाय लागली बघा हितं."